उभ्या गाडीची बॅटरी

फेब्रुवारीतल्या एका रात्री दोन वाजून गेल्यावर फोन वाजला. अवेळी वाजणारा फोन मला नवा नाही. महिन्यातला एक आठवडा मी कंपनीच्या सर्व्हरसाठी ऑन-कॉल असतो, लॅपटॉप उशाशी ठेवूनच झोपतो. पण हा फोन कराडहून आईचा होता.

"अरे, बाबांना दरदरून घाम आलाय. काय बोलतायत ते कळेना. मी खाली जाऊन आले, तर गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक् करतीय."

मी पुण्यात. फोनवरून जे करता येण्यासारखं होतं ते केलं, म्हणजे काहीच नाही. शेवटी समोरच्या दादांनी त्यांचा छोटा हत्ती काढला. दोघा-तिघांनी मिळून बाबांना खुर्चीसकट तीन मजले उतरवलं आणि भाजी वाहायच्या त्या गाडीत पुढे बसवून दवाखान्यात नेलं. साखर उतरली होती. सलाईन लागलं आणि पहाटे पाचला बाबा चहा मागायला लागले. म्हणजे तसं पाहिलं तर झालं काहीच नाही. पण सकाळी आई फोनवर म्हणाली, "विकून टाकू ती गाडी. वेळेला उपयोगी पडत नाही तर ठेवायची कशाला?"

हे वाक्य साधं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे तेव्हापासून बाबा जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरच असतात. मी पुण्यात आणि बाबांचं गाडी चालवणं बंद, म्हणून आई छप्पन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग क्लासला गेली. क्लासमधली पोरं तिला 'काकू, क्लच, क्लच' करून ओरडायची. तरी शिकली, लायसन्स काढलं. दवाखाना आणि महिन्यातून एकदा मंडई, एवढंच ती चालवते. २०१२ सालची छोटी पेट्रोल गाडी महिन्यात फार तर वीस किलोमीटर फिरते. पण रात्री-अपरात्री कुणाचं दार न वाजवता बाबांना खाली नेऊन गाडीत बसवता येईल, हा तिचा आधार होता. तो एका 'टक्' आवाजात गेला.

मी म्हटलं, शनिवारी येतो, बॅटरी बदलू, मग बघू. पंधरा मिनिटांचं काम वाटलं होतं. ॲप उघडायचं, स्टार बघायचे, ऑर्डर करायची. त्याऐवजी दोन आठवडे मी शिशाच्या बॅटरीचा इतिहास वाचत बसलो. कारण 'क्वचित चालणाऱ्या गाडीला कोणती बॅटरी घ्यावी' या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच जाहिरातीत नाही. बॅटरी किती जोरात गाडी चालू करते हे सगळे सांगतात. गाडी उभी असताना बॅटरीचं काय होतं, हे कुणी सांगत नाही.

शनिवारी बॉनेट उघडलं. बाबांचा जुना मल्टिमीटर लावला तर आकडा आला ९.८ व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेल पूर्ण भरलेला असेल तर साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणजे चांगली बॅटरी १२.६ च्या वर दिसायला हवी. १२.२ म्हणजे अर्धी उतरली. ९.८ म्हणजे काय, ते मी वर जाऊन बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. "दर रविवारी आई दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची," मी म्हटलं. "तरी कशी बसली?"

"दहा मिनिटांत काय होतंय?" बाबा म्हणाले. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आईला हा सल्ला बिल्डिंगमधल्याच कुणीतरी दिला होता. बाबांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि बाबांनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली, त्यातली बरीचशी एक्स्चेंजच्या पॉवर रूममध्ये, म्हणजे बॅटऱ्यांच्याच संगतीत. त्याकडे पुढे येतोच. आधी पॅरिसला जाऊ.

१८५९ साली गास्तों प्लांते नावाच्या २५ वर्षांच्या माणसाने शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, सुरळी केली आणि पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडवली. व्होल्टाने पहिली विद्युत-चळत जगासमोर मांडली ती १८०० साली. पण तेव्हापासूनचे सगळे सेल एकदा संपले की संपले. प्लांतेचा सेल उलटा प्रवाह सोडून पुन्हा भरता यायचा. (याच प्लांतेला चार वर्षं आधी पॅरिसजवळ एका प्रचंड पक्ष्याचं जीवाश्म सापडलं होतं. त्याच्यावरून त्या पक्ष्याचं नाव पडलं गॅस्टॉर्निस. पक्ष्याला उडता येत नव्हतं. उभ्या गाडीवर लिहिताना हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

प्लांतेच्या सेलची अडचण अशी, की नव्या पत्र्यात वीज जवळजवळ मावतच नसे. पत्र्याचा फक्त वरचा थर कामाला येतो. तो थर जाड व्हावा म्हणून सेल भरायचा, रिकामा करायचा, उलटा भरायचा, असं महिनोन्‌महिने करावं लागे. हे भरणंही दुसऱ्या, वापरून फेकायच्या सेलांनी, कारण धंद्याच्या कामाचा डायनॅमो ग्रामने दाखवला तो १८७१ मध्ये. आणि या सगळ्यात प्लांते मुद्दाम सेलला विश्रांती द्यायचा. आधी काही तास, मग दिवस, मग आठवडे. भरलेला सेल नुसता ठेवून दिला की तो आतल्या आत स्वतःच उतरतो. तसं होताना शिशाचा आणखी थोडा भाग खाल्ला जातो आणि पत्रा आणखी सच्छिद्र होतो. प्लांतेला तेच हवं होतं. म्हणजे उभं राहिल्यावर उतरणं हा या बॅटरीचा नंतर जडलेला रोग नाही. तिचा जन्मच त्या गुणावर झाला आहे.

१८८१ हे साल या गोष्टीत फार गर्दीचं. कामीय फॉरने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप थापला आणि महिन्यांचं काम दिवसांवर आणलं. त्याच वर्षी मे महिन्यात फॉरचे चार सेल एका लाकडी खोक्यात घालून पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसनकडे, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनकडे नेले. प्रवास ७२ तासांचा. खोक्यात सुमारे दहा लाख फूट-पौंड ऊर्जा आहे, असं 'टाइम्स'मधून जाहीर झालं आणि लोक चकित झाले. मी सवयीने तो आकडा आजच्या एककांत बदलून पाहिला. सुमारे ३७७ वॅट-तास निघाले. आमच्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तास, म्हणजे ४२० वॅट-तास. ज्या खोक्याची वर्तमानपत्रात बातमी झाली, जवळपास तेवढीच वीज आमच्या पार्किंगमध्ये धूळ खात होती. आणि बातमी नेमकी कशाची होती? तीन दिवस कुणी हात लावला नाही तरी खोक्यातली वीज शिल्लक राहिली, याची.

फॉरचा लेप मात्र पत्र्यावरून गळून पडायचा. म्हणून सपाट पत्र्याऐवजी जाळी आली. शिसं मऊ, त्याची जाळी वाकायची. त्याच वर्षी सेलन नावाच्या इंग्रजाने शिशात अँटिमनी मिसळून ती कडक केली. आपल्या गोष्टीतला खलनायक इथे शिरतो. अँटिमनी जाळीतून हळूहळू सुटतं, दुसऱ्या पाटीवर जाऊन बसतं आणि तिथे बॅटरीला आतून गळायला लावतं. बॅटरी लवकर उतरते, भरताना वायू सुटतो, पाणी कमी होतं. दर महिन्याला झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर टाकायचा जो उद्योग आपल्या वडिलांच्या पिढीने केला, त्याचं मूळ हे. पण अँटिमनीशिवाय जाळी टिकत नव्हती, म्हणून ते पन्नासहून जास्त वर्षं चाललं.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी आत नेमकं काय घडतं ते मांडलं. वीज बाहेर येताना दोन्ही पाट्यांवर शिशाचं सल्फेट तयार होतं, भरताना ते परत विरघळतं. ताजं सल्फेट बारीक कणांचं असतं, सहज विरघळतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर तेच कण मोठे आणि कडक स्फटिक होतात. मग कितीही चार्ज करा, ते हलत नाहीत. तेवढा भाग गेला तो गेला. आमच्या ९.८ व्होल्टवाल्या बॅटरीला मी रात्रभर चार्जर लावला. सकाळी १२.३ दिसलं, दुपारी ११.९, संध्याकाळी पुन्हा टक्. १८८२ सालचा शोधनिबंध आमच्या पार्किंगमध्ये सिद्ध झाला.

आता 'सेल्फ'बद्दल. आपण म्हणतो 'गाडी सेल्फ घेत नाही'. हा शब्द सेल्फ-स्टार्टरचं उरलेलं डोकं आहे. शेपूट कुणीतरी वाटेत टाकून दिलं. त्याआधी पेट्रोल गाडी चालू करायची तर पुढे उभं राहून हॅण्डल मारायचं. आपल्याकडे अ‍ॅम्बेसिडरला हे हॅण्डल कितीतरी वर्षं होतं, बाबांनी स्वतः मारलेलं आहे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट किंवा जबडा मोडायचा. अमेरिकेत बायरन कार्टर नावाचा मोटारउत्पादक असाच हॅण्डल लागून जखमी झाला आणि पुढे १९०८ मध्ये वारला, आणि ते मनाला लागल्याने कॅडिलॅकच्या हेन्री लेलंडने विजेचा स्टार्टर बनवायला घेतला, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्टीत मीठमसाला असेल, पण स्टार्टर खरा आहे. चार्ल्स केटरिंगने १९११ मध्ये तो बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला.

केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांच्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला त्याने छोटी विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याला कळलेली गोष्ट अशी, की मोटर क्षणभरच फिरवायची असेल तर तिच्यावर कुवतीबाहेरचा भार टाकला तरी चालतो, ती तापायच्या आत काम झालेलं असतं. तोच हिशेब त्याने गाडीला लावला. काही सेकंद बॅटरीकडून भरमसाट प्रवाह घ्यायचा, इंजिन चालू झालं की त्याच इंजिनाने बॅटरी परत भरायची.

याचे परिणाम मजेशीर झाले. तोवर शिशाच्या बॅटरीचा मोठा मान म्हणजे गाडी ओढणं. १८९९ मध्ये कामीय जेनात्सीची बॅटरीवरची गाडी ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेली, आणि रस्त्यावरचं कुठलंही वाहन त्याआधी तेवढं धावलं नव्हतं. बॅटरीवरच्या गाड्या बायकांसाठी म्हणून विकल्या जात, कारण हॅण्डल मारायला लागत नसे. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. सेल्फ आला आणि पेट्रोल गाडीही बटणावर चालू व्हायला लागली. विजेच्या गाडीचा बाजार उठला, आणि तो उठवायला बॅटरीनेच हातभार लावला. आई ज्या गाडीत किल्ली फिरवून बसते, तिची सोय इथून सुरू होते. पण एका अटीसह. केटरिंगच्या योजनेत बॅटरी रोज चालणाऱ्या गाडीत असते. पातळ पाट्या, भरपूर पृष्ठभाग, क्षणात मोठा प्रवाह, आणि लगेच परत भरणं. गाडी दोन-दोन आठवडे उभी राहील, हे त्या योजनेत कुठेच नाही.

मी आमच्या गाडीचा हिशेब मांडला. इंजिन चालू करायला समजा दोन सेकंद १५० अँपिअर लागले, तर खर्च ०.०८ अँपिअर-तास. नगण्य. आता गाडी कुलूप लावून उभी आहे. सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, इंजिनाचा कॉम्प्युटर हे सगळे थोडे थोडे पीत असतात. मी मल्टिमीटर लावून मोजलं, सुमारे ३० मिलिअँपिअर. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. म्हणजे एक दिवस नुसतं उभं राहणं म्हणजे जवळपास नऊ वेळा सेल्फ मारण्याएवढा खर्च! आठवड्याला पाच अँपिअर-तास जातात. आईच्या रविवारच्या दहा मिनिटांत, मी उदार होऊन १० अँपिअर धरले तरी, दीडच्या आसपास परत येतात. पाच गेले, दीड आले. वर स्वतःहून उतरणं वेगळं, आणि तो वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. कराडचा एप्रिल तुम्हाला माहीत असेलच. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि मग दोन-तीन महिन्यांनी गल्लोगल्ली जम्पर केबल घेऊन फिरणारी माणसं दिसली, ती याच गणितामुळे.

हे सगळं बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आकडे तपासले, मग म्हणाले, "तुमची ही धावणाऱ्याची बॅटरी. आमची उभ्याची. एक्स्चेंजच्या बॅटरीला कधी धक्का मारलेला पाहिलाय का?"

इथून मला या इतिहासातलं दुसरं घराणं सापडलं.

घरातली वीज गेली तरी लँडलाइन चालू असायचा, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. कारण फोनला लागणारी वीज त्याच तारेतून एक्स्चेंजकडून यायची, आणि एक्स्चेंजच्या मागे बॅटऱ्यांची खोली असायची. २ व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडलेले, एकूण ४८ व्होल्ट. बाबांच्या खोलीत ॲसिडचा आंबूस वास, सतत चालणारा एक्झॉस्ट फॅन आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेलं रजिस्टर. नमुना म्हणून एक 'पायलट सेल' ठरवलेला असायचा, हायड्रोमीटरने त्याच्या ॲसिडची घनता बघून लिहायची, १.२०० च्या आसपास. गाडीच्या बॅटरीत ती भरलेली असताना १.२८ पर्यंत असते. जास्त जोर, पण जास्त झीजही. एक्स्चेंजच्या बॅटरीला जोर नको असतो. तिला वाट बघायची असते. महिनोन्‌महिने काही घडत नाही. चार्जर तिला हलका प्रवाह देत राहतो, जेवढी उतरते तेवढंच. याला 'फ्लोट' म्हणतात. मग एका पावसाळी रात्री लाइट जाते आणि त्याच क्षणी सगळ्या गावाचे फोन तिच्यावर येतात.

आमच्या धंद्यात याला हॉट स्टँडबाय म्हणतात. राखीव सर्व्हर बंद करून ठेवला तर गरज पडेल तेव्हा तो उठेलच याची खात्री नाही, म्हणून तो चालू स्थितीत ठेवायचा. मी हे रोज करतो. घरच्या गाडीला लागू करायचं सुचलं नव्हतं.

अँटिमनीचा काटा निघाला तो याच उभ्या घराण्यामुळे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हॅरिंग आणि थॉमस या दोघांनी १९३५ मध्ये टेलिफोनच्या बॅटरीसाठी जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम घातलं. हजारात एका भागाहूनही कमी. जाळी कडक झाली आणि आतून गळणं कितीतरी कमी झालं. गाड्यांना मात्र त्याचं काही पडलं नव्हतं, त्या रोज भरल्या जात होत्या. १९७० च्या दशकात 'मेंटेनन्स-फ्री', पाणी टाकायला न लागणारी बॅटरी विकायची टूम निघाली तेव्हा कॅल्शियम गाड्यांत आलं. आज दुकानात मिळणारी साधी सीलबंद बॅटरी म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजची दूरची नात आहे.

पण ती नात थोडी नाजूक निघाली. अँटिमनी काढल्यावर लक्षात आलं, की ते जाता जाता एक उपकारही करत होतं. बॅटरी पार तळाला गेली तरी पुन्हा भरून निघायची. कॅल्शियमच्या जाळीवर, खोलवर उतरल्यानंतर, वीज अडवणारा पातळ थर बसतो आणि बॅटरी नीट भरून घेत नाही. पुढे कथील मिसळून हा दोष बराच कमी केला गेला, पूर्ण गेला नाही. थोडक्यात, जुनी बॅटरी उभ्यानं लवकर उतरायची पण धक्के सोसायची. नवी हळू उतरते, पण एकदा तळाला गेली की सहसा पूर्वीसारखी होत नाही.

एवढं कळल्यावर दुकानात जायला अर्थ होता. गाडीच्या जुन्या बॅटरीवर ३८बी२०एल असं लिहिलं होतं. ही जपानी पद्धतीची खूण. २० म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर लांबी, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला ते सांगतं. ते चुकलं तर केबल पोचत नाही. दुकानदाराने पहिल्यांदा मोठी बॅटरी पुढे केली. "उभी असते ना? मग जास्त अँपिअरची घ्या." त्यात तथ्य आहे, ती जास्त दिवस तग धरेल. पण ट्रेमध्ये बसत नव्हती, आणि वीस किलोमीटरच्या फेऱ्यांनी मोठी टाकी कधी भरणार? मग काचेच्या तंतूंच्या गादीत ॲसिड शोषून ठेवणारी एजीएम. बॅटरी चांगली, सिग्नलला इंजिन बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना लागते, उतरतेही हळू. किंमत दुपटीच्या पुढे, आणि आपल्या उन्हाळ्यात बॉनेटखालची उष्णता तिला मानवत नाही. लिथियमची चौकशी केली, दुकानदार हसला, मीही सोडून दिली. आईने सुचवलेला पर्याय मात्र विचार करण्यासारखा होता. घरात लोडशेडिंगच्या काळापासून इन्व्हर्टर आहे, त्याची टँकसारखी ट्यूब्युलर बॅटरी का लावू नये? ती तासन्‌तास पंखा चालवेल. पण सेल्फला लागणारा एकदम मोठा झटका तिच्या जाड नळ्यांतून त्या मानाने निघत नाही. शिवाय उचलायला दोन माणसं लागतात.

शेवटी साधी, ३५ अँपिअर-तासांची, सीलबंद कॅल्शियमवालीच घेतली, चार हजारांच्या आतबाहेर. पण हट्ट एकाच गोष्टीचा धरला, तारखेचा. आधीची बॅटरी बसवली तेव्हाचं बिल आणि तिच्यावरचा शिक्का जुळवून पाहिला, तर ती नऊ महिने कुठल्यातरी रॅकवर उभी होती. आमच्याकडे यायच्या आधीच तिचं सल्फेट सुरू झालेलं. (दुकान वेगळं होतं. नाव घेत नाही.) म्हणून या वेळी खिशात मल्टिमीटर होता. एकाच मॉडेलच्या तीन बॅटऱ्या मोजल्या. १२.३८, १२.४५ आणि १२.६८. वॉरंटी तिघींची तीच, खोकं तेच, छापील किंमत तीच. दुकानदार वैतागला, पण तिसरी दिली. तिच्यावरचा शिक्का महिन्याभरापूर्वीचा होता.

जुनी त्यांनी वजनावर परत घेतली. २००१ च्या नियमांनी विक्रेत्याला जुनी बॅटरी परत घ्यायला लावलं आणि २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली. हे महत्त्वाचं आहे, कारण भंगारवाल्याकडे गेलेली बॅटरी कुठल्यातरी शेडमध्ये कुऱ्हाडीने फोडून वितळवली जाऊ शकते, आणि ते शिसं आसपासच्या पोरांच्या रक्तात जातं. शंभर रुपये जास्त देतो म्हणणारा भंगारवाला आम्हालाही भेटला होता.

आता उरला खरा प्रश्न. बॅटरी कुठलीही घेतली तरी महिन्याभरात गणित तेच होणार. क्वचित चालणाऱ्या गाडीसाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे निगेटिव्हची केबल काढून ठेवणे, दहा नंबरचा पाना आणि एक मिनिट. मीही तेच सांगणार होतो. मग आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. रात्रीचे दोन, वर बाबांना घाम फुटलेला, आणि ही खाली मोबाइलच्या उजेडात बॉनेट उघडून नट आवळतेय. आपली गाडी सहलीसाठी ठेवलेली नाही.

"फ्लोट लाव," बाबा म्हणाले.

१३.५ व्होल्टच्या आसपास धरून ठेवणारा छोटा ऑटोमॅटिक चार्जर मिळतो. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नव्हता. तो घ्यायचा तर सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी काकांनी विचारलं, "बॅटरीने स्फोट वगैरे होतो ना?" प्रश्न रास्त होता. भरताना हायड्रोजन सुटतो, म्हणूनच तर एक्स्चेंजमध्ये एक्झॉस्ट फॅन. पण फ्लोटवर तो अगदी किरकोळ, आणि आमचं पार्किंग तिन्ही बाजूंनी उघडं. हे बाबांनी फोनवरून, जुन्या ऑफिसच्या आवाजात समजावलं. मग विजेच्या पैशांचा वाद. काकांचं म्हणणं महिन्याला शंभर रुपये. बाबांनी कागदावर मांडून दाखवलं, दोन वॅट, चोवीस तास, तीस दिवस, दीड युनिट. शेवटी वीस रुपयांवर तुटलं.

त्याला आता चार महिने झाले. गाडीतून बाहेर आलेल्या पिनेतून चार्जरची वायर काढायला आईला पाच सेकंद लागतात. दर रविवारी ती इंजिन चालू करत नाही, मल्टिमीटर घेऊन खाली जाते आणि आकडा वाचून येते. बाबांनी एका वहीला रेघा आखून रजिस्टर केलं आहे. तारीख, व्होल्ट, शेरा. मागच्या वेळी गेलो तेव्हा उघडून पाहिलं. बहुतेक ओळींत शेरा 'ठीक'. एका ओळीत १२.९१ च्या पुढे आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'रात्री ११:४०, दवाखाना, एका झटक्यात चालू'. मला कुणी फोन केला नव्हता.